चांदीचं पाणी आणि चिमूटभर मीठ

तीन चौकोनी बॅटऱ्या, चांदीच्या दोन तारा, एक काचेची बरणी आणि शुद्ध पाणी. एवढ्या सामानात घरी चांदीचं पाणी, म्हणजे कोलायडल सिल्व्हर तयार होतं. मोबाइलवर येणारे व्हिडिओ इथपर्यंत खरं सांगतात. बरणीत नेमकं काय उतरतं, त्याचं पुढे काय होतं आणि ते प्यावं का, हे मात्र त्यात धड कुणी सांगत नाही. त्यातला बराचसा घोळ एकाच पदार्थापाशी येतो आणि तो प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: मीठ.

आधी नावाचा घोळ. साखर पाण्यात विरघळली की तिचे कण उरत नाहीत, रेणू सुटे होतात. ते झालं द्रावण. माती पाण्यात कालवली तर थोड्या वेळात तळाशी बसते. दूध या दोघांच्या मधलं: त्यातले स्निग्धाचे थेंब बारीक असतात, पाण्यात तरंगत राहतात आणि उजेड विखरतात, म्हणून दूध पांढरं दिसतं. अशा मधल्या अवस्थेला कोलॉइड म्हणतात. १८६१ साली थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. खऱ्या कोलायडल चांदीत धातूचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांच्यामुळे पाणी पिवळं दिसतं, कारण ते कण जांभळ्या-निळ्या बाजूचा उजेड शोषून घेतात. घरी बॅटरीवर केलेलं पाणी बहुतेक वेळा पाण्यासारखंच नितळ निघतं. पाहणाऱ्याला वाटतं, किती शुद्ध झालं! प्रत्यक्षात त्यात कण फार थोडे असतात. बहुतांश चांदी आयनाच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या सुट्या अणूंच्या रूपात विरघळलेली असते. मिठाशी भांडण होतं ते या आयनांचंच.

सामान

शाळेत विज्ञानाचा प्रयोग म्हणून हे करायला छान आहे. दहावीच्या मुलांना विद्युत अपघटन (विजेने पदार्थ फोडणं) आणि फॅरेडेचा नियम (जेवढी वीज वाहते तेवढा धातू सुटतो) फळ्यावर जेवढा कळत नाही, तेवढा या बरणीत कळतो. म्हणून कृती पुरती देतो.

तार ९९९ शुद्धतेची हवी. सराफाला ‘चोख चांदीची तार, दोन मिलिमीटर जाडीची’ असं सांगा. पंधरा सेंटिमीटरचा एक तुकडा साधारण पाच ग्रॅम भरतो, म्हणजे दोन तुकड्यांना दहा ग्रॅम. घरातलं जुनं पैंजण, जोडवी किंवा तोरड्या वापरू नका. दागिन्याच्या चांदीत कडकपणासाठी तांबं मिसळतात. ९२५ च्या चांदीतही साडेसात टक्के दुसरा धातू असतो, आणि तुमच्याकडच्या पैंजणात किती आहे ते घडवणाऱ्यालाच ठाऊक. तांबंही चांदीबरोबर पाण्यात उतरतं. डाग दिलेल्या जागेतून आणखी काय काय उतरेल, ते निराळंच.

पाणी डिस्टिल्डच पाहिजे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते प्रयोगापुरतं चालतं, पण कॅन उघडल्यावर टीडीएस, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार, दाखवणारं मीटर बुडवून बघा. आकडा शून्य ते दोनच्या आत हवा. आरओचं पाणी चालत नाही, त्यात पन्नास-शंभर टीडीएस सहज असतो. जारचंही चालत नाही. गावच्या नळाचं आणि विहिरीचं तर विचारूच नका.

बाकी सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं: ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, त्यांच्या टोप्या, क्रोकोडाइल क्लिपा, २७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि साधा मल्टिमीटर. बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की २७ व्होल्ट होतात. रेझिस्टर दोन-चार रुपयांचा, पण व्हिडिओवाले नेमका तोच गाळतात. सुरुवातीला शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. चांदी उतरत जाते तसं पाणी वीजवाहक होतं, म्हणून करंट वाढतो. करंट वाढला की चांदी आणखी वेगाने उतरते आणि करंट पुन्हा वाढतो. या चढाओढीला लगाम नसेल तर तारेवर काळं लोंबतं आणि तळाशी गाळ बसतो. २७ व्होल्टला २७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की करंट काही झालं तरी एक मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालणारं कुठलंही घरगुती जुगाड या कामाला लावू नका. पाणी, उघडी तार आणि घरची वीज एकत्र आली की त्यात चांदीचा भाग दुय्यम होतो.

कृती

बरणी आणि तारा डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळून घ्या. साबण नको. विसळल्यावर तारेच्या बुडणाऱ्या भागाला बोट लावू नका. विदर्भातल्या मे महिन्यात हाताला घाम असतोच, आणि घाम म्हणजे मीठ.

बरणीत ५०० मिलिलिटर पाणी घ्या. प्लॅस्टिकच्या झाकणाला दोन भोकं पाडून तारा त्यातून सोडा. दोघींमध्ये तीन सेंटिमीटर अंतर ठेवा आणि प्रत्येकीचे दहा सेंटिमीटर पाण्यात बुडू द्या. क्लिपा पाण्याच्या वर राहिल्या पाहिजेत, त्या लोखंडाच्या असतात. बॅटरीच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग २००० मायक्रोअँपिअरवर ठेवलेला मल्टिमीटर, मग पहिली तार. दुसरी तार थेट ऋण टोकाला. बाकीचं बरणी करते.

धन तारेवरचा चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात येतो. ऋण तारेवर पाणी फुटतं: हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात आणि पाण्यात हायड्रॉक्साइड उरतो. पाच-दहा मिनिटांनी काचेच्या कांडीने हलकं ढवळा, नाहीतर ऋण तारेवर चांदीचीच लव उगवते. वीस मिनिटांनी क्लिपांची अदलाबदल केली की दोन्ही तारा सारख्या झिजतात.

किती चांदी उतरली हे रंगावरून ठरत नाही, हिशेबाने ठरतं. एक मिलिअँपिअर करंट एक तास वाहिला की सुमारे चार मिलिग्रॅम चांदी सुटते. ५०० मिलिलिटरला दहा पीपीएम, म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम करायचं तर पाच मिलिग्रॅम लागेल, म्हणजे सव्वा मिलिअँपिअर-तास. वरच्या मांडणीत सुरुवातीला पाव मिलिअँपिअरच्या आसपास वाहतो आणि शेवटी पाऊण-एक. दर पंधरा मिनिटांचा आकडा वहीत मांडा. समजा ०.२५, ०.४, ०.५, ०.६, ०.७, ०.७५, ०.८, ०.८ आले, तर बेरीज ४.८, तिला चाराने भागलं की १.२ मिलिअँपिअर-तास. म्हणजे दोन तासांत ४.८ मिलिग्रॅम, लिटरमागे साडेनऊच्या वर. पाच मिलिग्रॅम चांदी भावाने रुपया-दोन रुपयांची होते. शेकड्याने रुपये घेऊन बाटली विकणाऱ्याला तिची शक्ती विचाराल तेव्हा हा हिशेबही विचारा.

टीडीएस मीटर बुडवून ‘बारा पीपीएम झालं’ म्हणणारे पुष्कळ. ते मीटर चांदी मोजत नाही, पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजतं आणि साध्या मिठाच्या मापाने आकडा दाखवतं. धातूचे कण तर त्याला दिसतच नाहीत.

जास्त वेळ चालवून शक्ती वाढत नाही. पाण्यातल्या हायड्रॉक्साइडशी चांदीचा मेळ बसून तपकिरी-काळं सिल्व्हर ऑक्साइड बनतं, आणि ते लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅमच्या घरातच विरघळून राहतं. त्यापुढची चांदी गाळ होऊन बसते. बॅटरीवर केलेलं नितळ ‘शंभर पीपीएम’ कुणी दाखवलं तर त्याचं गणित कच्चं आहे किंवा दानत.

काय बिघडतं

तार बुडवून बॅटरी जोडताच पाण्यात पांढुरका धूर उतरला, तर पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला एक भाग, आहे. चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइड होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पाणी फेकून नव्याने सुरुवात करायची.

तासभर गेला तरी करंट हलत नाही, तर पाणी फार शुद्ध आणि गार आहे. ते कोमट करून घ्या किंवा मागच्या खेपेचं दोन चमचे तयार पाणी त्यात घाला. अशा वेळी ‘चिमूटभर मीठ टाका, लगेच चालू होतं’ हा सल्ला हमखास मिळतो. चालू होतं हे खरं, करंट झपकन चढतो. पण तयार होतं ते पांढरं सिल्व्हर क्लोराइड, चांदीचं पाणी नव्हे. या विषयातला सगळ्यात जास्त पसरलेला चुकीचा सल्ला हाच असावा.

निळसर-हिरवट झाक म्हणजे तांबं. राखाडी किंवा मातकट रंग म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले. तळाशी चकाकणारे बारीक तुकडे म्हणजे ऋण तारेवरची लव तुटून पडली; करंट जास्त होता किंवा ढवळणं कमी पडलं. धन तार काळी पडते ते ऑक्साइड. भांडी घासायच्या कोरड्या हिरव्या घासणीने पुसलं की निघतं. ते काढायला अमोनिया मुळीच वापरू नका. सिल्व्हर ऑक्साइड आणि अमोनिया यांचं मिश्रण ठेवून दिलं की त्यात काळा स्फोटक पदार्थ तयार होतो आणि वाळल्यावर तो नुसत्या स्पर्शानेही उडू शकतो.

तयार झालं ते कण की आयन, हे दोन सोप्या गोष्टींनी कळतं. अंधाऱ्या खोलीत बरणीतून लेझरचा किरण सोडा. झरोक्यातल्या उन्हात धूळ दिसते तशी किरणाची रेघ दिसली तर कण आहेत, नाही दिसली तर आयन. मग अर्ध्या वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात मिठाचे चार खडे टाका. दुधाळ झालं की आयन. ती वाटी उन्हात ठेवली की पांढरा रंग जांभळट-राखाडी होत जातो, कारण उजेड सिल्व्हर क्लोराइड फोडून धातूची चांदी मोकळी करतो. जुने काळे-पांढरे फोटो याच रसायनावर निघत.

पिवळं, खरं कोलॉइड बघायचं तर प्रयोगशाळेची रीत निराळी आहे: ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, त्यात एक टक्का सोडियम सायट्रेटचं दहा मिलिलिटर द्रावण घालून तासभर उकळत ठेवायचं. हातमोजे घाला. सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग आठवडाभर जात नाही.

पोटात गेल्यावर

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे क्लोराइड भरपूर. प्यालेल्या चांदीच्या आयनांची गाठ पहिल्यांदा त्याच्याशीच पडते आणि मिठाच्या वाटीत झालं तेच पोटात होतं. रक्तात आणि घामातही मीठच. काचेच्या डिशमध्ये जंतू मारणारा आयन मोकळा होता. शरीरात तो मोकळा राहतच नाही, क्लोराइड आणि प्रथिनं त्याला धरून ठेवतात. डिशमध्ये मेलेले जंतू दाखवून ‘पोटातही असंच’ म्हणणाऱ्याने ही पायरी गाळलेली असते. कुठल्याही आजारावर पिऊन चांदीचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये कोलायडल सिल्व्हर असलेली दुकानी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत असा नियमच केला.

सगळी चांदी बाहेर पडते असंही नाही. थोडा भाग रक्तात शिरतो आणि कातडीत जाऊन बसतो. उन्हाचा उजेड पडला की तिथेही फोटोच्या कागदासारखं होतं: चांदीचे काळपट कण तयार होतात आणि चेहरा, नखं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर-करडा होतो. याला अर्जायरिया म्हणतात. हा रंग साबणाने, औषधाने, चांदी बंद करूनही जात नाही. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी २००० साल लागताना संगणक बंद पडून औषधं मिळणार नाहीत या भीतीने घरी चांदीचं पाणी करून प्यायला सुरुवात केली. २००२ च्या निवडणुकीत ते निळसर चेहऱ्याने उभे होते. औषधं मिळायची थांबली नाहीत, रंग मात्र राहिला. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्याला हा धोका सावलीत बसणाऱ्यापेक्षा जास्तच म्हणायचा.

आकड्यात सांगायचं तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोजची मर्यादा किलो वजनामागे पाच मायक्रोग्रॅम धरली आहे. दहा किलोच्या लेकराला दहा पीपीएमचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर दिला की दिवसाची मर्यादा भरली. तीही रंग चढू नये म्हणून घातलेली आहे, गुण यावा म्हणून नव्हे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको असं आहे. बरणीतलं पाणी त्याच्या शंभरपट.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. चांदी काही औषधांना पोटातच धरून ठेवते आणि ती अंगात मुरू देत नाही: टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं, थायरॉइडची गोळी. नागपूर जिल्ह्यात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने जोर धरला होता. त्या तापावरचं मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन, ते टेट्रासायक्लिन गटातलं. तापात ‘गोळीबरोबर चांदीचं पाणीही घ्या, दुप्पट गुण येईल’ असं कुणी म्हटलं तर गोळीचाही गुण कमी होण्याची भीती असते. डोळ्यात घालणं, वाफेच्या मशीनमधून ओढणं, बैलाच्या खोल जखमेत ओतणं हेही नको.

चाटणातलं रजतभस्म आणि मिठाईवरचा वर्ख या वेगळ्या वस्तू आहेत. बाळाला चांदीच्या वाटीतून खीर भरवण्यालाही या लेखात काही हरकत नाही. घन वाटीतून खिरीत उतरते ती चांदी नगण्य.

चांदी कुठे कामाची आहे

भाजलेल्या जखमेवर डॉक्टर पांढरं मलम लावतात, ते एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन. तिथेही मीठ आहे, पण मलमात चांदीचा साठा मोठा असतो आणि ती सावकाश सुटत राहते, शिवाय जागच्या जागी काम करते. पाण्याच्या फिल्टरमधल्या कोळशाला चांदी लावतात, ती कोळशावर जंतूंची वाढ होऊ नये म्हणून. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. या सगळ्यांत चांदी कशाला तरी घट्ट धरलेली असते, सुटी ओतलेली नसते.

सुटी ओतून आपल्याकडचं पाणी शुद्ध करायचं म्हटलं तर पहिली अडचण पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. दर्यापूर, अकोट, शेगावच्या बाजूच्या कित्येक विहिरींचं पाणी जिभेला खारट लागतं. लिटरमागे पाचशे मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात मोकळे चांदीचे आयन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकेही उरत नाहीत. चांदी खारेपण कमी करत नाही, उलट खारेपणच चांदीला संपवतं. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी, पांढरकवड्याकडे काही ठिकाणी फ्लोराइडचा त्रास आहे. त्याचंही चांदीने काही होत नाही. तिथे पाण्याचा स्रोत बदलणं किंवा फ्लोराइड काढणारं फिल्टर हे उपाय आहेत. नुसती तुरटी फिरवून किंवा पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उकळून तर पाणी आटतं आणि फ्लोराइड दाट होतो.

जंतूंसाठी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच टाकायची. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणून चाराने भागा. येतात ते घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, जिच्यात क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास आहे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत बारा फूट पाणी असेल तर ते सत्तावीस हजार लिटरच्या जवळ जातं, म्हणजे ६५ ते ७० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवा, बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडा आणि पाण्याखाली वर-खाली झटके द्या. चुना विहिरीत टाकायचा नाही. तासभर कुणी पाणी भरू नये. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी करा. नमुन्यात पिवळा रंग आला आणि तो लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या खुणेशी जुळला की पाणी भरायला मोकळे. रंग आलाच नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी फार घाण. पोतं उघडं, ओलाव्यात किंवा टिनाखाली उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातं आणि चुना तेवढा मागे राहतो.

प्रयोगातून उरलेलं चांदीचं पाणी विहिरीत, गुरांच्या टाक्यात किंवा शेततळ्यात ओतू नका, मासळीला आयन फार बाधतात. बरणीत चमचाभर मीठ घालून ती दिवसभर ठेवा. पांढरं तळाशी बसलं की वरचं पाणी मोरीत सोडा आणि गाळ कागदावर वाळवा. संध्याकाळपर्यंत तो जांभळा झालेला असतो.